‘फुले’ म्हणजे कोण? सावित्रीबाईंच्या चरित्रात नावांचा नियम काय असावा

खंडाळा : सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातील नायगावात झाला. दरवर्षी जयंती जवळ आली, की त्यांच्यावरचे लेख, भाषणे आणि पोस्ट मोबाइलवर फिरू लागतात. त्यांत एक साचा हमखास सापडतो : ‘फुले यांनी शाळा काढली, सावित्रीबाईंनी साथ दिली.’ एकाच घरातल्या दोघांपैकी एकाला आडनाव मिळते, दुसरीला फक्त नाव. ही सवय बदलायला हवी.

फरक काय पडतो?

नुसत्या आडनावाने उल्लेख झाला, की माणूस लेखक किंवा विचारवंत म्हणून समोर येतो. मराठी समीक्षेत ‘मर्ढेकर’ असतात, पण दुर्गा भागवत ‘दुर्गाबाई’ होतात. ‘बाई’मध्ये आदर आहे, हे खरे. पण तो घरच्या माणसाला द्यावा तसा आदर आहे.

सावित्रीबाई कुणाच्या केवळ सहायक नव्हत्या. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये आला. जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मधले. म्हणजे लेखिका म्हणून त्या एक वर्ष आधी वाचकांसमोर होत्या. वाक्यात मात्र त्या मागे उभ्या राहतात.

मग सरळ ‘फुले’ लिहावे का?

इथे अडचण येते. नुसते ‘फुले’ वाचले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जोतीराव येतात. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंना नुसते ‘टिळक’ म्हटले, तर गोंधळ आणखी वाढेल.

शिवाय आडनाव ही काही दगडावरची रेघ नाही. सावित्रीबाई माहेरच्या नेवसे. १८४० मध्ये लग्न झाल्यावर त्या फुले झाल्या. खुद्द फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. फुलांच्या व्यवसायामुळे ‘फुले’ हे नाव पडले.

जपानी लेखकांचे कसे करतात?

जपानमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर असते. आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. शाळेच्या हजेरीपटावर आपलेही आडनाव आधीच असते. वाईच्या मराठी विश्वकोशातल्या चरित्रनोंदीही आडनावापासून सुरू होतात. जपानमध्ये सर्वसामान्यांना आडनाव लावणे सक्तीचे झाले ते १८७५ मध्ये.

पण पुढच्या उल्लेखासाठी तिथे सरसकट आडनाव वापरत नाहीत. नात्सुमे सोसेकी या कादंबरीकाराला ‘सोसेकी’ म्हणतात. ते त्यांचे टोपणनाव, आडनाव नात्सुमे. हिगुची इचियो या लेखिकेलाही त्याच न्यायाने ‘इचियो’ म्हणतात. आपल्याकडे कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले, तसेच हे.

सर्वांत जवळचे उदाहरण योसानो दांपत्याचे. नवरा-बायको दोघेही कवी. जपानी वाचक त्यांना ‘तेक्कान’ आणि ‘अकिको’ म्हणतो. नवरा ‘योसानो’ आणि बायको नुसती ‘अकिको’, अशी वाटणी तिथे होत नाही. नियम कोणताही असो, तो दोघांना सारखाच लागू होतो.

मराठीत काय करता येईल?

एक : पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावे आणि माहेरचे आडनावही नोंदवावे. नायगावशी असलेले नाते त्यातूनच कळते.

दोन : दोघेही लेखात असतील, तर ‘सावित्रीबाई आणि जोतीराव’ असे लिहावे. एकाला ‘महात्मा’ लावायचे, तर दुसरीला ‘क्रांतिज्योती’ लावावे. नाहीतर दोन्ही उपाध्या गाळाव्यात.

तीन : लेख फक्त त्यांच्या कवितेवर असेल, तर ‘फुले’ लिहायला घाबरू नये. शीर्षकात पूर्ण नाव असले, की गोंधळ होत नाही. २०१४ पासून पुण्याच्या विद्यापीठाच्या नावात त्यांचे पूर्ण नाव आहेच.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सक्तीचे केले. कागदावर आईला जागा मिळाली. चरित्रातली जागा द्यायला सरकारी आदेश लागत नाही. लिहिणाऱ्याने वाक्य पाठवण्याआधी एकदा तपासायचे : पुरुषाला ज्या नावाने हाक मारली, त्याच मापाने बाईलाही मारली का?