लांडग्याची बदनामी

अलीकडे आमच्या विद्यार्थिनींच्या हाती एक नवे कादंबरीवाङ्मय आले आहे. नायक दिवसा मनुष्य, पौर्णिमेस लांडगा. नायिका साधी मानवकन्या. आणि या दोघांचे प्रेम! या अद्भुताविषयी आमची तक्रार नाही. ज्यांच्या महाभारतात हिडिंबा भीमाची आणि नागकन्या उलूपी अर्जुनाची पत्नी होते, त्यांनी वृकमानवाच्या प्रेमास नाके मुरडणे शोभत नाही. आमचा आक्षेप आहे तो या अद्भुताच्या आडून शिकविल्या जाणाऱ्या नीतीवर.

हिडिंबा बलाढ्य राक्षसी. तरीही तिने कुंतीची विनवणी केली आणि अटी मान्य केल्या. या कादंबऱ्यांतील वृकनायक मात्र नायिकेचा गंध येताच ‘ही माझी’ म्हणून गुरगुरतो. स्टेफनी मेयर यांच्या २००८ सालच्या ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये तर जेकब एका नवजात बालिकेशीच दैवयोगाने बांधला जातो. ती मोठी होईपर्यंत तो भावासारखा राहील, असे लेखिका सांगते. परंतु निवड तिच्या जन्मदिवशीच झालेली असते, त्याचे काय?

यावर उत्तर तयार असते : तो ‘आल्फा’ लांडगा, स्वभावाला औषध नाही! परंतु हा स्वभाव लांडग्याचा आहे कोठे? ‘आल्फा’ची कल्पना निघाली ती पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून, रुडॉल्फ शेंकेल यांचा तो निबंध १९४७ चा. १९७० च्या आपल्या ग्रंथाने ती लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिले की, रानातील कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिले. तेथे बाप मादीसाठी व पिलांसाठी अन्न वाहून आणतो. मत्सर, पाळत, कोंडून ठेवणे हे दुर्गुण माणसाचे. बिचाऱ्या लांडग्याच्या अंगी ते फुकट चिकटविले आहेत.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव येथे लहान मुलांनाही ठाऊक आहेत. मनुष्य आणि पशू यांच्या प्रेमाची याहून अद्भुत कथा कोणती? तीत धावणाऱ्याला काही हिरावून घ्यावयाचे नाही. त्याला द्यावयाचे आहे.

पालकांनी मुलींच्या हातची पुस्तके हिसकावू नयेत. तोही एक प्रकारचा वृकधर्मच होईल. त्यांनी ती मुलींबरोबर वाचावीत आणि एवढेच विचारावे : नायिकेने ‘नाही’ म्हटले असते, तर पुढल्या पानावर काय घडले असते?