खेळ खुर्चीचा!

दोन मॉनिटर लावले की आयुष्य एकदम सॉर्टेड, असं मला वाटायचं. डावीकडे मुलाखतीचं रेकॉर्डिंग आणि नोट्स, उजवीकडे लेख. गेल्या महिन्यात मात्र उजव्या स्क्रीनने लपंडाव सुरू केला. मध्येच दोन सेकंद काळाकुट्ट अंधार, मग काही झालंच नाही अशा थाटात साहेब परत हजर. आणि हे ऐन डेडलाईनच्या आठवड्यात!

पहिला संशय कुणावर? अर्थातच मावशींवर. "मावशी, पुसताना वायर ओढली असणार तुम्ही." "नाही हो ताई, टेबलाखाली मी हातसुद्धा घालत नाही." मला काही ते पटलं नाही. दुकानदाराने तर फोनवरच निकाल दिला. "ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन टाका." म्हणजे महिन्याच्या भाड्याएवढा फटका!

पाकीट उघडण्याआधी म्हटलं, थोडी डिटेक्टिव्हगिरी करू. तुम्हीही करा, सोपी आहे. स्क्रीनवर रेघा किंवा ठिपके दिसतात? स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या मॉनिटरवर बघा. रेघा त्यातही असतील, तर घोळ कॉम्प्युटरच्या आत. फोटो स्वच्छ असेल, तर बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर. विंडोज असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडलेलं काम तसंच राहतं. फोर-के मॉनिटरवर माऊस अडखळतोय? जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टमधून फोर-के चित्र सेकंदाला साधारण ३० वेळाच जातं. मॉनिटरचा त्यात काही दोष नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर चोर सापडणार कसा?

मी दोन्ही मॉनिटरच्या केबल आपसात बदलल्या. अंधार डावीकडे सरकला, म्हणजे मॉनिटर निर्दोष! मग ती केबल कार्डच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावली. तरी तेच. म्हणजे संशय केबलवर. पण मग ती मधूनच का रुसते?

केर काढता काढता मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही खुर्चीतून उठलात की हा बंद पडतो बघा."

उठले. अंधार. बसले, पुन्हा उठले. पुन्हा अंधार!

हसू नका, हे खरंच होतं. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच स्टॅटिक वीज. गॅस-लिफ्टच्या खुर्चीत उठबस करताना तिचा झटका तयार होऊ शकतो. केबलचं शिल्डिंग कच्चं असेल, तर ती अँटेनासारखी तो पकडते आणि मॉनिटरचा सिग्नल क्षणभर तुटतो. बाहेरून मॉनिटर जोडायच्या चिप बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीनेही ग्राहकांसाठीच्या माहितीत हे कारण दिलंय.

चांगल्या शिल्डिंगची, लांबीला कमी अशी केबल आणली. काही शे रुपयांत काम फत्ते. कार्ड वाचलं, भाडं वाचलं.

राहिली होती ती माफी. आल्याचा चहा केला, मावशींना समोर बसवून सॉरी म्हटलं. त्या हसल्या. "जाऊ द्या ताई, खुर्चीपायी लई भांडणं होतात!"