नोंद झाली, मार्गदर्शन कुठे आहे?

माननीय केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री महोदय,



जून २०२० मध्ये आपल्या मंत्रालयाने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना स्वेच्छेने नोंद करायला सांगितले. सहा महिन्यांत पुढे येणाऱ्याकडे कागदपत्रे मागणार नाही, अशी सवलतही दिली. या नोंदीमुळे पाळणाऱ्यांना उपचार, निवारा आणि निगा यांबद्दल मार्गदर्शन करता येईल, हे मंत्रालयाचेच तेव्हाचे म्हणणे. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा सुधारला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, त्यांच्यासाठी पोर्टलही आले. मार्गदर्शनाचे काय झाले, महोदय?

सहाराच्या दक्षिणेकडल्या कोरड्या पट्ट्यातले सल्काटा कासव विकत घेताना तळहातावर मावते. पुढे तेच चाळीस-पन्नास किलोंचे होते, जमिनीत खोल बीळ खणते आणि बहुधा मालकाच्या मागेही जगते. त्याला गवत आणि वाळला चारा हवा. फ्लॅटमध्ये मिळते काय? काकडी, टोमॅटो, कुठे दुधात कुस्करलेली पोळी आणि खिडकीच्या काचेतून आलेले ऊन. काच नेमके ते अतिनील किरण अडवते, ज्यांच्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. हे दुकानदार सांगेल, असे आपण गृहीत धरले आहे का? त्याला तर कासव विकायचे आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या लाल पायांच्या कासवाची गरज याच्या उलट. त्याला दमट हवा, सावली आणि खाण्यात थोडी फळेही लागतात. दोघांना एकाच काचपेटीत ठेवले की एकाला ओल बाधते, नाहीतर दुसऱ्याला कोरडेपणा. शिवाय एकाचा आजार दुसऱ्याला. आपल्या नोंदवहीत मात्र दोन्ही फक्त ‘परदेशी प्राणी’ म्हणून बसत असतील, तर त्या नोंदीचा कासवाला उपयोग काय?

भारतातले तारांकित कासव पाळणे हा तर गुन्हाच. २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले, हे आपल्याला सांगायला नको. तरीही घराला लाभते म्हणून ते चोरून विकले जाते. (देवळातले दगडी कासव आपल्याला का पुरत नाही, हा प्रश्न मंत्रालयाला नाही, आम्हा भाविकांना आहे.) पण २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी सक्तीची केली. ती तपासतो कोण?

आणि कासव डोईजड झाले की मालकाने जायचे कुठे? ठाऊक नसते, म्हणून लोक ते तळ्यात नाहीतर विहिरीत सोडतात, पुण्य समजून. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. ते बुडते.

प्रत्येक जातीसाठी एक पान पुरे: जागा किती, ऊब किती, खाणे काय, वाढून केवढे होणार. ते विक्रीआधी दुकानात लावणे आणि नोंदणीच्या दाखल्यासोबत देणे सक्तीचे करा. प्रत्येक जिल्ह्यात नको झालेले कासव घेणारी एक जागा जाहीर करा. यांतले काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी कळवावे.

आपला,
एक नागरिक