उबदार पाण्याचा हिशेब

२०१४ व २०१५ या वर्षांत प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा बरेच तापले. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो बंदरातून हौशी लोकांना गरी टाकून मासे धरण्यासाठी दूरच्या सफरीवर नेणाऱ्या नौकांचा मोठा धंदा आहे. एरवी ज्या कुप्यासाठी मेक्सिकोच्या पाण्यात जावे लागे, तो त्या काळात किनाऱ्याजवळ आला आणि हौशी मंडळींची चंगळ झाली. मात्र त्याच उबेत विषारी शैवाल माजले, २०१५ चा खेकड्यांचा हंगाम कित्येक महिने लांबला आणि त्यावर पोट असणारे मच्छीमार होड्या बांधून बसले. निसर्गाची घटना एकच. पण ज्याची त्यावर उपजीविका आहे आणि ज्याची केवळ करमणूक आहे, त्यांच्या वाट्याला तिची फळे निरनिराळी येतात.

हा हिशेब चिंचणीपासून वरोर, वाढवण, डहाणू आणि थेट झाईपर्यंतच्या किनाऱ्याला लावून पाहिला पाहिजे. येथील मांगेला व कोळी समाज समुद्रावर हौसेसाठी जात नाही. पश्चिम हिंदी महासागरातील सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटल्या असाव्यात, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखविले. वरचे पाणी तापले की खालचे पोषक पाणी वर येत नाही, आणि माशांच्या अन्नाचा पायाच खचतो.

जवळचा मासा आटला की नौकेला दूर जावे लागते. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च जाळे टाकण्याआधीच झालेला असतो. जेथे हिस्सेवारीची पद्धत आहे, तेथे हा खर्च आधी वजा होतो आणि उरलेल्यातून खलाशाचा वाटा निघतो. म्हणजे समुद्र तापल्याचा भार अखेर ज्याच्याजवळ श्रमाखेरीज काही नाही, त्याच्याच डोक्यावर येतो. कोसळणाऱ्या नफ्याची वाटणी करण्याची ही जुनीच रीत आहे.

यात वाढवण बंदराची भर पडली आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ साली या बंदरास नकार दिला. त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारींच्या पश्चात, २०२३ साली परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरावाखाली जाणार आहे. दूरचा मासा उन्हाने हिरावला, जवळचा भरावाने. मग छोट्या होडीवाल्याने जावे कोठे?

‘खोल समुद्रात जा’ असे उत्तर दिले जाते. पण खोल समुद्राला भांडवल लागते. १९९१ च्या धोरणाने ते परदेशी जहाजांच्या रूपाने आणू पाहिले, तेव्हा देशभरच्या मच्छीमारांनी एकजुटीने लढा दिला आणि मुरारी समितीला १९९६ साली परवाने रद्द करण्याची शिफारस करावी लागली. संघटित श्रमिक धोरण बदलू शकतात, ही त्या लढ्याची शिकवण आहे.

आज मागणी नेमकी हवी. मोठ्या नौका द्यावयाच्या तर त्या सहकारी संस्थांच्या मालकीच्या असाव्यात आणि खलाशी त्यांचे सभासद असावेत. पावसाळी बंदीच्या काळात खलाशाला निर्वाहभत्ता मिळावा. नुकसानभरपाई केवळ नौकेच्या नोंदणीवर ठरली, तर मासळी सुकविणारी आणि टोपली घेऊन बाजारात जाणारी स्त्री हिशेबातूनच गळेल. बंदराचा लाभ शेकडो कोटींत मोजता येतो. तिच्या टोपलीचाही आकडा त्याच कागदावर लिहिला गेला पाहिजे. तो लिहिला जात नाही तोवर त्या कागदाला विकासाचा ताळेबंद म्हणता येणार नाही.