निळ्या रेषेच्या आतला सातबारा

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही बंगालच्या उपसागरात तयार झालेले वादळी हवामान इथल्या धानाच्या बांध्यांपर्यंत येते. वारा वाटेत विरतो, पाणी मात्र वैनगंगेतून पोहोचते. 2020 च्या ऑगस्टअखेर तेच घडले. कमी दाबाचे क्षेत्र उपसागराकडून मध्य प्रदेशावर सरकले, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून आणि पेंचच्या धरणांतून पाणी सोडावे लागले, आणि ते सगळे गोसीखुर्द धरणाला येऊन मिळाले. गोसीखुर्दचे सर्व 33 दरवाजे उघडले गेले. त्यानंतर देसाईगंज आणि आरमोरीत, पलीकडच्या काठावर ब्रह्मपुरी तालुक्यात किती पाऊस पडतो याला फारसा अर्थ उरला नाही. नदीच्या पात्राने वेढलेले लाडज हे गाव पुरात अडकले. तिथल्या माणसांना बोटींनी बाहेर काढावे लागले.

वैनगंगा फुगली की गाढवीसारख्या उपनद्यांचे पाणी तिच्यात शिरत नाही. ते मागे सरते आणि नदीपासून लांब असलेल्या शेतात पसरते. त्यामुळे पूर काठावरच्याच घराला येतो, हा समज इथे खोटा ठरतो. ऑगस्टच्या शेवटी रोवणी होऊन गेलेली असते, धान फुटव्यावर असतो. चार-सहा दिवस बांधी पाण्याखाली राहिली की पाने कुजतात. पाणी ओसरल्यावर धुऱ्यांना भगदाडे पडलेली दिसतात आणि शेतात रेती किंवा चिकट गाळ साचलेला असतो. हंगाम तर गेलेलाच असतो. रेती उपसून बांधी पुन्हा सपाट करायचा खर्च पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो.

याच पट्ट्यात आज शेतजमिनीचे प्लॉट पडत आहेत. रस्त्याला लागून जागा, नदीची हवा, पाण्याची सोय, अशी तिची जाहिरात होते. विक्रीपत्रात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस नदी. त्या नदीचे पाणी किती वेळा या जागेवर येऊन गेले, याबद्दल त्या कागदात अक्षर नसते. मोजणी झालेली असते, बोजा तपासलेला असतो, वारसांच्या सह्या झालेल्या असतात. घेणाऱ्याचे घर बुडवू शकेल अशी एकमेव गोष्ट तेवढी नोंदीबाहेर राहते.

खरे तर शासनाकडे ही माहिती ठेवण्याची पद्धत आहे. राज्यात नद्यांच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी, असे नियम सांगतात. ‘25 वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण दरवर्षी 4 टक्के शक्यता धरली, तर 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत त्या पातळीचे पाणी किमान एकदा येण्याची शक्यता 55 टक्क्यांच्या पुढे जाते. लाल रेषेसाठी ती सुमारे 18 टक्के आहे. हा हिशोब कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला बँकेने समजावून सांगायला हवा, कारण पूर आला तरी हप्ता थांबत नाही.

कोकणात हाच प्रश्न समुद्राच्या बाजूने उभा आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड उत्पन्नावर यायला बरीच वर्षे जातात. तेवढा काळ त्या कुटुंबाची जमीन कागदावर आहे तेवढीच राहते, पण तिच्यातून पैसा येत नाही. याच किनाऱ्यावर किहीमला नियम मोडून बांधलेला हिरे व्यापारी नीरव मोदीचा बंगला मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. श्रीमंताला असा बंगला गमावणे परवडते, वाडीवाल्याला वाडी गमावणे परवडत नाही. असे असताना 2019 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. वादळे बळावत असताना भरतीरेषेच्या जवळ सरकणे ही उलट्या दिशेची वाट आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाने ही वाट आधी चालून पाहिली. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळाने तिथल्या अनेक विमा कंपन्या बुडवल्या. खासगी कंपन्या अंग काढू लागल्या, तेव्हा राज्याला 2002 मध्ये सिटिझन्स नावाची स्वतःची विमा संस्था काढावी लागली. सप्टेंबर 2022 मध्ये इयन वादळ आले आणि हजारो घरमालकांच्या लक्षात आले की त्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत वाऱ्याचे नुकसान आहे, पुराचे नाही. अखेर 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे घर विकणाऱ्याने त्या घरासाठी पुराचा विमा दावा केला होता का, पुरासाठी सरकारी मदत घेतली होती का, हे खरेदीदाराला लेखी सांगणे कायद्याने बंधनकारक झाले. इतका पैसा असलेल्या राज्यालाही एवढी साधी गोष्ट सुचायला तीस वर्षे लागली. गडचिरोलीने तेवढी वाट पाहू नये.

आपल्याकडे पूर ओसरला की पंचनामा होतो आणि मदत मिळते. आपत्ती निधीच्या निकषांनुसार मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये, कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500, ओलिताच्या पिकाला 17,000, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. एवढ्यात घर उभे राहत नाही. घरासाठी एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पूर आणि वादळ दोन्ही येतात. गावाकडे तिची माहिती पोचलेली नाही. धानाची गोष्ट तर जास्त दुखरी आहे. शेतात पाणी साचून धान बुडणे हा धोका 2018 मध्ये पीक विम्याच्या स्थानिक आपत्तींतून वगळला गेला, म्हणजे धानपट्ट्याला ज्याची सर्वांत जास्त भीती तेच बाहेर. खरीप 2026 पासून तो पुन्हा घेण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये केली, हे चांगले झाले. मात्र नुकसान 72 तासांत मोबाइल अॅपवर छायाचित्रासह कळवायचे आहे. पुरात वीज नसते, मोबाइलला रेंज नसते, बांधीपर्यंत जायला वाट नसते. हे तास पाणी उतरल्यापासून मोजले तरच ती घोषणा आरमोरीच्या कामाची.

मागणी मोठी नाही. पूररेषा निश्चित झालेल्या प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात तशी नोंद व्हावी, गावठाणातल्या घरांसाठी ती नमुना आठवर यावी आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना ती खरेदीदाराला वाचून दाखवावी. जिथे रेषा आखलेली नाही तिथे आखेपर्यंत नवा लेआउट मंजूर होऊ नये.

याला विरोध होईल, आणि तो समजण्यासारखा आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये पूररेषांविरुद्ध लोक उठले होते, कारण बरेचसे जुने शहर रेषेच्या आत गेले आणि दुरुस्ती, पुनर्बांधणी, किंमत सगळेच अडले. नोंद झाली की भाव पडतो, हे खरे आहे. पण नोंद नसताना तो तोटा नाहीसा होत नाही, शेवटच्या खरेदीदाराच्या गळ्यात जातो. तो बहुधा निवृत्तीचे पैसे घालून पहिले घर बांधणारा शिक्षक असतो, किंवा भावांच्या वाटणीनंतर रस्त्याकडे सरकलेला शेतकरी.

नव्या प्लॉटला आणि जुन्या वस्तीला मात्र एकच नियम लावणे अन्याय ठरेल. काठावरचे ढिवर पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगत आले. मासेमारी करतात, पात्र उघडे पडले की डांगरवाड्या लावतात. त्यांचे घर निळ्या रेषेत आहे ते सट्ट्यासाठी नव्हे, पोटासाठी. त्यांच्या कागदावर नोंद येणार असेल, तर त्याच दिवशी घराच्या विम्याचा हप्ता शासनाने भरावा आणि गावालगतच्या उंच सरकारी जागेवर पर्यायी घराचा पहिला हक्क त्यांना द्यावा. नदीकाठचा धंदा सुरू ठेवण्याची मुभाही त्यात स्पष्ट लिहिलेली हवी, कारण जाळे आणि डोंगा ठेवायला काठावर जागा उरली नाही, तर उंचावरचे घर घेऊन ढिवर करणार काय?