दुष्काळात अडते ते धान्य की पैसा?



घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दुष्काळाची चाहूल सरकारी कागदाच्या आधी लागते. पाऊस लांबला की दावणीची जनावरे बाजारात येतात, विकणारे वाढतात, घेणारे आटतात. कडबा मात्र महाग होत जातो. बैल विकून आलेल्या पैशात पूर्वीइतकी ज्वारी येत नाही. मग चूल बंद पडते ती धान्य पिकले नाही म्हणून, की ते घ्यायला हातात पैसा उरला नाही म्हणून?

या प्रश्नावर मोठ्या विद्वानांनी डोके घातले आहे. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास १९८१ साली ग्रंथात मांडला. धान्य असूनही ते घेण्याची ऐपत गेली म्हणजे माणसे मरतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे सहकारी ज्याँ ड्रेझ हे मूळचे बेल्जियमचे, पण आता भारताचेच नागरिक. त्यांनी आपल्या महाराष्ट्राच्या १९७२-७३ च्या दुष्काळाचा अभ्यास केला, तो १९९० साली प्रसिद्ध झाला.

त्या दुष्काळाबद्दल घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, लाल मिलो आणि सुकडी खाल्ली, हे ते सांगतील. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्यांत भूमिहीन होते तसे बऱ्यापैकी जमीन असलेलेही होते. पीक इतके बुडाले होते की त्या सुमारास आफ्रिकेतील सहेल प्रदेशात माणशी जेवढे धान्य पिकले, त्याहूनही आपल्याकडे कमी पिकले. तिकडे भूकबळी पडले, इकडे तशी मोठी मनुष्यहानी टळली. ड्रेझ यांचे म्हणणे असे, की मजुरीचा रोख पैसा गावात आला आणि त्या पैशामागे व्यापाऱ्यांचे धान्य आले. परराज्यातून धान्य आणण्यावर बंदी असतानाही ते आले! रेशनच्या धान्याने सगळी गरज भागलीच नसती. शिवाय तुटीचा भार गरिबांवरच पडला नाही, मोठ्या शेतकऱ्यांच्या ताटातही भाकरी कमी झाली.

प्रशासन हलले कसे? इंग्रजी अमदानीतील दुष्काळ संहितेपासून काम काढण्याची रीत ठरलेली होती, हे एक. परंतु पुस्तकातला नियम आपोआप चालत नाही. मोर्चे निघाले, कचेऱ्यांना घेराव पडले, वर्तमानपत्रे व विरोधी पक्ष मागे लागले, तेव्हा कामे वाढली. चाळीस पानी अहवालांपेक्षा मला हाच भाग अधिक मोलाचा वाटतो. पुढे वि. स. पागे यांनी लावून धरलेल्या रोजगार हमी योजनेचा राज्यात १९७७ साली कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. केंद्राने २००५ साली जो कायदा केला, त्याची मुळे इथे आहेत.

सगळेच काही गोड नव्हते. खडीचे ढीग जागीच राहिले, पुष्कळ पाझर तलाव गाळाने भरले. सुलभा ब्रह्मे यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७२ च्या दुष्काळाचा जो अभ्यास केला, त्याचा रोख पाण्याच्या नियोजनावर होता. तो मला पटतो. मुळेच्या कालव्याखालचा ऊस आणि कालव्याबाहेरची कोरडवाहू बाजरी यांचा दुष्काळ एकसारखा नसतो, हे नेवासे तालुक्यात कोणी सांगायला नको.

आता कामाचे. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेरीस निघते. ती पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाच्या पुढच्या बऱ्याच सवलती अवलंबून असतात. पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी चार जाणत्या माणसांनी, आणि बायांनीही, बांधावर हजर राहावे. आकडा चुकीचा वाटला तर चावडीवर कुरकुर न करता मुदतीत लेखी हरकत द्यावी. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक येतील (पदांची नावे अलीकडे बदलली, माणसे तीच); त्यांना सातबारा व पीक पाहणीची नोंद दाखवा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का व तारीख घ्या आणि ती घरच्या ट्रंकेत ठेवा.