कार्बोरेटर बिघडत नाही, आपण त्यात पेट्रोल वाळवतो



डवरणी आटोपली, पॉवर वीडर गोठ्यात गेले. म्हणून हे आजच लिहितो, पुढच्या जूनमध्ये लिहून उपयोग नाही.

मागच्या जुलैची गोष्ट. चार दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली, तिसऱ्या दिवशी वावरात वापसा आला. सोयाबीन पंचवीस दिवसांचं, तणही तेवढंच जोरात. आभाळ पाहून हातात दीड-दोन दिवस दिसत होते. वीडर काढला, तर सुरूच होईना. दोरी ओढून खांदा गेला. चोक दिला की फटफट करायचा, चोक काढला की बंद.

मेकॅनिकने न खोलताच सांगितलं, "भाऊ, कार्बोरेटर गेला. नवीन टाका. परवा येईल." परवा पार्ट आला, त्याआधी पाऊस आला. दीड एकर शेवटी मजूर लावून निंदावं लागलं. सोयाबीनचे पहिले तीस-पंचेचाळीस दिवस तणाच्या हाती गेले की नंतर कितीही खर्च करा, उतारा भरून निघत नाही.

काढलेला जुना कार्बोरेटर एका संध्याकाळी ओट्यावर बसून खोलला. आत तुटलेलं काहीच नव्हतं. वाटीच्या तळाशी पिवळी चिकट साय अन् मेन जेटचं भोक बुजलेलं, बस्स. तोच साफ करून या हंगामात बसवला. सगळी डवरणी त्याच्यावर झाली. नवीन डब्यात पडून आहे.

असं का होतं? मोटारसायकल रोज पेट्रोल पिते. आपला वीडर वर्षातून वीसेक दिवस चालतो अन् बाकी दिवस वाटीतलं पेट्रोल वाळत बसतं. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, अन् पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आपल्या मक्याला त्याच्यामुळे गिऱ्हाईक वाढलं. पण मशीन सांभाळायची रीत त्याप्रमाणे बदलायला पाहिजे.

साफ करायची पद्धत सोपी आहे. हे चार-स्ट्रोक, वाटीवाल्या कार्बोरेटरचं सांगतो. मोकळ्या हवेत बसा, बिडी-काडी लांब, इंजिन थंड. पेट्रोलचा कॉक बंद करा. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. खालचा बोल्ट काढून वाटी उतरवा, पिन ओढून फ्लोट अन् नीडल काढा, सगळं ताटात ओळीने ठेवा. जेट पितळेचा असतो, बरोबर मापाच्याच स्क्रू-ड्रायव्हरने काढा. हवेचा स्क्रू काढायचा असेल तर आधी पूर्ण आत फिरवून आटे मोजा, तेवढेच परत ठेवा. रबरी भाग बाजूला काढूनच क्लीनर फवारा, नाहीतर ते फुगतात. भोकात सुई घालू नका, भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. मग पंपाने हवा मारा अन् जेट उजेडाकडे धरा. गोल उजेड दिसला की झालं. वाटीचं रबर चिरलं असेल तर तेवढंच बदला. जोडल्यावर कॉक उघडून दोन मिनिटं थांबा, पेट्रोल गळालं तर नीडल नीट बसली नाही.

प्लगला ठिणगीच नसेल तर दोष कार्बोरेटरचा नाही. अन् ब्रश कटरच्या दोन-स्ट्रोक इंजिनात पडद्याचा कार्बोरेटर असतो, त्याला ही रीत लावू नका.

माझं मत एवढंच, की हे काम आता शेतीचंच काम समजावं. 2020 पासून बीएस-6 आल्यावर बहुतेक मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. कार्बोरेटर उघडणारे हात गावागावात कमी होत जाणार, अन् आपली यंत्रं मात्र त्याच्यावरच चालतात. महाडीबीटीवर अर्ज करून वीडर घेता येतो, चांगलं आहे. पण विक्रेत्याने मशीन देताना कार्बोरेटर एकदा खोलून दाखवावा, आपणही त्याशिवाय मशीन उचलू नये. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणात बियाणं-खतासोबत ही एक तासाची शिकवणी असावी.

मी वीडर खोलून बसलो तेव्हा बाबा म्हणाले, "बैलाले तू बारा महिने पायतं, अन् मशीनले फक्त जुलैत." खोटं नाही.

तर उद्या एक करा. कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. वाटीचा बोल्ट सैल करून उरलेलं थेंबभर पेट्रोल काढा, टाकी रिकामी करा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या जुलैत उघाड दीडच दिवसाची असली, तरी ती तुमची असेल.